अम्माच्या सुपातला जर्दा

अक्कांना नमस्कार,

मी सोलापूरचीच. माहेर साखर पेठेत, सासर जुळे सोलापुरात. घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण शाळा मराठीत झाली म्हणून लिहिणं मराठीतच होतं. वय 41, नवी पेठेत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब बघते.

माझी अम्मा गेल्या आषाढात गेली. आयुष्यभर विड्या वळल्या तिनं. ती गेल्यावर भावानं सामान वाटून टाकलं. मी फक्त तिचं सूप आणि मांडीवर घ्यायची ती जुनी चादर आणली. दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय. रात्री सगळे झोपले की पिशवी उघडते आणि वास घेते. जर्दा, ओली पानं, अम्माचं खोबरेल. दोन मिनिटं फार शांत वाटतं, मग रडू येतं. हल्ली वास कमी होत चाललाय, त्याची धडकी भरते.

याच वासाची मला एकेकाळी लाज वाटायची. पाचवीत असताना शेजारची मुलगी 'तुझ्या दप्तराला तंबाखूचा वास मारतो' म्हणून बाकावरून उठून गेली होती. घरी येऊन मी अम्माला नको नको ते बोलले.

सासूबाई म्हणतात, घरात तंबाखूचा वास अशुभ, टाकून दे ते. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे त्यांचं खोटं म्हणता येत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच्या एका बाईंनी मला तेलांचा संच दिला, साडेचार हजारांचा. लॅव्हेंडर, लिंबू, निलगिरी आणि वाफेचं यंत्र. त्यांच्या मते तंबाखूच्या वासात नकारात्मक ऊर्जा असते, ती लॅव्हेंडरनं जाईल. मला लॅव्हेंडरनं डोकं धरतं. मिस्टर म्हणतात, वासानं कुठं मन बरं होतं का, सगळी थेरं आहेत.

मी वेडी झाले आहे का? वासाचा मनावर खरंच परिणाम होतो का? आणि त्या पिशवीचं काय करू?

साखर पेठेची लेक

*

लेकी,

वेडीबिडी काही झालेली नाहीस. गेलेल्या माणसाचा शर्ट न धुता कपाटात ठेवणारी माणसं आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ असतात, फक्त कुणी बोलत नाही. कुणाच्या शर्टाला अत्तराचा वास असतो, कुणाच्या पातळाला चंदनाचा. तुझ्या चादरीला जर्द्याचा आहे, म्हणून तुला सांगायला जास्त अवघड गेलं.

आधी तुझ्या मिस्टरांकडे वळते, कारण त्यांचा प्रश्न लवकर सुटणारा आहे. त्यांना विचार, मे महिनाभर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत भाजून निघाल्यावर मृगाची पहिली सर आली की ते गॅलरीत जाऊन का उभे राहतात? मातीच्या त्या वासात जिओस्मिन नावाचं एक द्रव्य असतं. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू ते तयार करतात, आणि एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाचं नाक ते टिपतं. आता त्या क्षणी बरं वाटतं ते जिओस्मिनमुळे, की पारा उतरल्यामुळे, की लहानपणी त्याच वासात शाळेला सुट्टी मिळाल्यामुळे, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. पण बरं वाटतं हे तेही नाकारणार नाहीत. वासाचा मनावर परिणाम होतो. तो कसा होतो, यात सगळी गोम आहे, आणि तेलवाल्या बाई नेमक्या तिथंच चुकल्या.

डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या भागात जातं आणि तिथून पुढं वाटलं जातं. वासाचं तसं नाही. नाकाच्या वरच्या टोकाला असलेल्या पेशींकडून निरोप थेट मेंदूच्या घ्राणकंदात आणि तिथून अमिग्डालाकडे पोचतो, जिथं भीती, माया, किळस यांचा कारभार चालतो. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस त्याला लागूनच. म्हणून वास आधी छातीत काहीतरी हलवतो आणि 'अरे, हा तर अमक्याचा वास' हे नंतर सुचतं. कधी कधी तर सुचतही नाही, नुसतं गलबलून येतं. शिवाय संशोधकांना असं आढळलंय की शब्दांनी किंवा फोटोंनी जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक तरुणपणातल्या असतात, तर वासानं जाग्या होणाऱ्या पुष्कळशा दहा वर्षांच्या आतल्या. तू पिशवीत नाक घालतेस तेव्हा एक्केचाळीस वर्षांची बाई नसतेस. दोन मिनिटांची ती शांतता त्या पोरीची आहे.

आता त्या वासाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुझ्या भीतीचं उत्तर त्यातच आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1991 साली वास टिपणाऱ्या ग्राहकांची, म्हणजे नाकातल्या पेशींवरच्या रिसेप्टरांची, जनुकं शोधून काढली आणि 2004 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक चालू असतात. एका द्रव्यानं त्यातले काही जागे होतात, दुसऱ्यानं दुसरे काही, आणि कोणकोणते एकदम जागे झाले यावरून मेंदू वास ओळखतो. म्हणजे अम्माचा वास म्हणजे नुसता जर्दा नव्हे. नुसता जर्दा हवा असेल तर तो बाजारात पावशेर मिळेल आणि हुंगून तुला काहीही होणार नाही.

तू तीन गोष्टी लिहिल्यास, मी सांगते त्यात अजून काय काय असणार. रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या तेंदूच्या पानांचा दमट, जरा कुबट वास. फर्मा, म्हणजे मापाचा साचा, ठेवून कात्रीनं पानं कापली की निघणारा हिरवट वास. विडी बांधायच्या दोऱ्याचा. हळदीचा, कारण दुपारी मधेच उठून फोडणी टाकलेली असणार आणि तेच हात परत सुपात. सणाच्या दिवशी केसांत अबोलीचा गजरा असेल, अबोलीला तसा वास नसतो, पण सोबत मरवा असला तर तो येतो. चुलीचा किंवा स्टोव्हचा. आणि या सगळ्याखाली तिच्या अंगाचा स्वतःचा वास, जो कुठल्या कारखान्यात बनत नाही. हे सगळं एका चादरीत बसलंय. त्यातली हलकी द्रव्यं आधी उडतात, जड मागं राहतात. म्हणून तुला वाटतंय वास 'कमी' होतोय. खरं तर तो बदलतोय. खोबरेल आणि अंगाचा वास पुढं निघून जाईल, जर्दा मागं राहील बराच काळ. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. कसं ते पुढं सांगते.

पण त्याआधी पाचवीतलं ते बाक.

रेचल हर्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आम्लांचं एकच मिश्रण लोकांना हुंगायला दिलं. एकदा सांगितलं, हे परमेसान चीज आहे. एकदा सांगितलं, ही ओकारी आहे. चीज ऐकल्यावर लोकांना वास बरा वाटला, ओकारी ऐकल्यावर नाकं मुरडली. वास तोच होता, फरक चिठ्ठीवरच्या नावाचा. आपल्याकडे याला प्रयोगाची गरज नाही म्हणा, हिंगाच्या उघड्या डबीत परदेशी पाहुण्याला नाक घालायला सांगून बघावं.

तुझ्या दप्तराच्या वासाला दहा वर्षांपर्यंत एकच नाव होतं, घर. त्या दिवशी वर्गात त्याला दुसरं नाव मिळालं आणि ते एका मुलीनं दिलं, जिला ते तिच्या घरातून मिळालं होतं. तुला दुसरं नाव जास्त मोठ्यानं ऐकू आलं, कारण वर्गात ऐकलेलं नेहमी मोठ्यानं ऐकू येतं. आता तेलवाल्या बाईंनी तिसरं नाव चिकटवलं, नकारात्मक ऊर्जा. सासूबाईंनी चौथं, अशुभ. ही सगळी नावं लोकांची आहेत. जर्द्यात निकोटिन असतं, धूळ असते, विड्या वळणाऱ्या बायकांच्या छातीला आणि हातांना त्याचा त्रास होतो हे खरं, आणि हे बोलायला हवं. ऊर्जा वगैरे काही नसते.

अम्माला तू बोललीस, त्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, पण पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तेच आहे. दहा वर्षांची मुलगी अपमान झाला की घरातल्या सगळ्यात सुरक्षित माणसावर तो काढते. अम्मानं तेव्हाही हे ओळखलं असणार. दिवसाला हजार विड्या वळून, कारखान्यात नेऊन, त्यातल्या काही नापास करून घेऊन घरी येणाऱ्या बाईला पोरीच्या बोलण्यानं वाईट वाटलं असेल, पण त्यात काय खरं आणि काय लाजेचं एवढं तिला कळत होतं. रात्री पिशवी उघडल्यावर जे रडू येतं, त्यात किती अम्मासाठी आणि किती त्या संध्याकाळसाठी, हे एकदा स्वतःशी बघ. ते बोलायला एक माणूस लागेल. चादर ऐकून घेते, उत्तर देत नाही. तुझी एखादी चिन्नम्मा, म्हणजे मावशी, किंवा अम्माची जोडीदारीण अजून असेल, तिला सांग. ती कदाचित हसेल आणि म्हणेल, आमच्या पोरींनीही हेच केलं.

आता तेलं. साडेचार हजार गेले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण परत मिळतायत का विचारून बघ. 2008 साली अमेरिकेत ओहायो राज्यात 56 निरोगी माणसांवर एक नीट बेतलेला अभ्यास झाला. लिंबाचं तेल, लॅव्हेंडरचं तेल आणि साधं पाणी, तिन्ही हुंगायला दिली. लिंबानं मूड थोडा सुधारला. लॅव्हेंडर पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही, आणि याच्यावर तर मोठमोठ्या जाहिराती चालतात. कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन, बर्फाच्या पाण्यात हात बुडवल्यावर होणारं दुखणं, त्वचा भरून येण्याचा वेग, यांत कुठल्याच तेलानं खात्रीचा फरक पडला नाही. इतर लहान लहान अभ्यासांत लॅव्हेंडरनं चिंता जरा कमी झाल्याचं दिसतं, पण कुणाला कळू न देता लॅव्हेंडर हुंगवणार कसं? नाकाला कळतंच. त्यामुळे तेलाचं काम किती आणि 'यानं बरं वाटणार' या अपेक्षेचं किती, ते सुटं करणं फार अवघड असतं. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाच्या मोजक्या मात्रेच्या कॅप्सूलवर चिंतेसाठी बरे अभ्यास झालेत, ते औषध म्हणून. तुझ्या कुपीतलं तेल पोटात घ्यायचं, असा त्याचा अर्थ नाही. कुणी ग्रुपवर सांगितलं तर अजिबात ऐकू नको.

तुझ्यासाठी तर प्रश्नच मिटला, कारण तुझं डोकं दुखतं. उग्र वासानं अर्धशिशी उठणारी पुष्कळ माणसं असतात. शरीर नको म्हणत असताना 'सवय होईल' म्हणून रेटायचं नाही. आणि लॅव्हेंडर हे सोलापुरात कुणाच्या लहानपणात आहे, सांग बरं? त्या झाडाशी आपली ओळख फिनाइलच्या आणि साबणाच्या जाहिरातीतली. युरोपात आजीच्या कपाटात लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या असतात, त्यांना तो वास मायेचा वाटणारच. आपल्या पेट्यांत वाळा असतो, कापूर असतो, डांबराच्या गोळ्या असतात. लिंबाचं तेल आवडत असेल तर ठेव. नाहीतर लिंबू चीर, सरबत तरी होईल.

निलगिरीची कुपी मात्र आजच्या आज उंच ठेव आणि कुलपात ठेव. ते तेल थोडंसं जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात. कापराचंही तेच. घरात मूल असताना या दोन वस्तू देवघराच्या खालच्या फळीवर नकोत.

आता पिशवी. सूप आणि चादर वेगळी कर. चादर गच्चीवर नेऊन, तोंडाला फडकं बांधून, मुलगी शाळेत असताना हलक्या हातानं झटक. वास नुसता धुळीत नाही, धाग्यातही आहे, तो राहील. धूळ गेली की मुलीला असलेला धोका कमी झाला. मग चादरीचा तुकडा काप. हो, काप. काळीज हलेल, पण सबंध चादर जपायला गेलीस तर सबंध चादरीतून वास उडेल. मांडीवर जिथं सूप टेकायचं तिथला आणि कडेला जिथं ती हात पुसायची तिथला, असे हातरुमालाएवढे दोन-तीन तुकडे घे. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत एकेक घाल. पातळ प्लास्टिकमधून वास बाहेर झिरपतो आणि प्लास्टिकचा आत येतो, म्हणून पिशवी नको. बरण्या खालच्या मजल्यावरच्या, आतल्या खोलीच्या, अंधाऱ्या कपाटात तळाशी ठेव. माळ्यावर नको, आपल्या स्लॅबखाली एप्रिलमध्ये काय होतं ते तुला सांगायला नको, आणि उष्णतेनं वास लवकर उडतो. मुलीच्या खोलीत तर मुळीच नको. एकच बरणी वापरायची, बाकीच्या बंद. उरलेली चादर धुऊन टाक आणि पांघर. सोलापुरी चादर आहे, तू म्हातारी होईपर्यंत टिकेल.

सूप तारेच्या ब्रशनं घासून, उन्हात वाळवून ठेव. त्यात ज्वारी किंवा शेंगा पाखडू नको, इतक्या वर्षांचा जर्दा त्या काड्यांत मुरलाय. भिंतीवर लावायचं असेल तर हॉलमध्ये लाव.

आणि बरणी रोज उघडायची नाही. याला दोन कारणं. एक म्हणजे नाक थकतं. एकच वास सलग येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडतो, म्हणून तर सूत रंगवणाऱ्या डाय हाऊसजवळ राहणाऱ्याला रंगाचा वास येत नाही आणि पाहुण्याला गल्लीच्या तोंडाशीच येतो. रात्री तू पिशवी बराच वेळ तोंडाशी धरत असशील आणि 'आता येत नाही' म्हणून घाबरत असशील. दुःखात, उदासीत नाकाची धारही कमी होते, हे संशोधनात दिसलंय. सर्दी, सायनस वेगळेच. तेव्हा वास गेला असं ठरवण्याआधी बहिणीला किंवा भावाला एकदा हुंगायला दे. त्यांना येत असेल.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वासाला नवी सोबतही चिकटते. रोज अंधारात, एकटीनं, रडत हा वास घेत राहिलीस तर काही महिन्यांनी तो अम्माचा कमी आणि या रात्रींचा जास्त होईल. मग बरणी उघडली की अम्मा येणार नाही, रडूच येईल. म्हणून बरणी उघडायची ती दिवसा, उजेडात, शक्यतो कुणाच्या तरी सोबतीनं, आणि उघडल्यावर काहीतरी बोलायचं. अम्मा कारखान्यातल्या तपासनिसाशी कशी भांडली, गड्ड्याच्या जत्रेत तुला काय घेऊन दिलं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागं ती किती चालायची. महिन्यातून एकदा पुरे. तिथीला उघड, दिवाळीला उघड. मुलीला आजीची गोष्ट सांगायची असेल तर जरूर सांग, बरणी मात्र तिच्या नाकापासून लांब.

वास ताजा हवा असेल तर त्याला एक रस्ता आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्यात उत्तम. अजून विड्या वळणाऱ्या बायका आपल्या गावात हजारोंनी आहेत. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर घरकुलात 10,000 विडी कामगार बायकांना 2006 साली घरं मिळाली, तिथं गेलीस तर दारादारात सूप दिसेल. साखर पेठेत तुझ्या जुन्या शेजारणी असतीलच. रविवारी जा, दोन तास बस. पानं ओली असतील, जर्दा असेल, कात्रीचा आवाज असेल, आणि तेलुगूत भांडणं चालू असतील. तुला येत असेल तर दोन विड्या वळून बघ, नाहीतर त्या हसतील. तुझ्या बरणीतला वास मागं चाललाय, तिथला अजून चालू आहे. अंगाचा वास तेवढा तिथं मिळणार नाही, पण अम्माला नावानं ओळखणारी माणसं मिळतील.

वासाचं अजून एक काम सांगते, ते तेलवाल्या बाईंच्या उपयोगाचं नाही कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. वास आपणहून जोडता येतो. आजवर ज्याच्याशी तुझं काहीच नातं नाही असा एक साधा वास निवड. मी वाळा निवडला असता, कारण उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकली की तो आपोआप घरात असतो. रोज ठरावीक वेळी, समज ऑफिसातून आल्यावर, गच्चीवर पंधरा मिनिटं मोबाइलशिवाय बसायचं आणि वाळा जवळ ठेवायचा. बाकीच्या वेळी तो हुंगायचा नाही. काही आठवड्यांनी त्या वासालाच ती पंधरा मिनिटं चिकटतात आणि मार्चअखेरीच्या गर्दीत रुमालातला वाळा काढलास तर खांदे जरा खाली येतात. जादू नाही ही, सवय आहे, आणि सगळ्यांना सारखी जमत नाही. वाळा आवडत नसेल तर मरवा घे. जानेवारीत हुरड्याच्या आगटीशेजारी बसल्यावर जे वाटतं, ते मात्र बरणीत भरायचा प्रयत्न करू नको, त्याला रानच लागतं.

पत्रात तू झोपेचं, जेवणाचं काही लिहिलं नाहीस. आषाढाला वर्ष होत आलं. ऑफिस, मुलगी, स्वयंपाक नीट चाललं असेल आणि रात्री रडू येत असेल, तर ते दुःख आहे, आजार नाही. पण झोप तुटत असेल, भाकरीची चव लागत नसेल, जगण्यात राम नाही असं वाटत असेल, तर वास, वाळा, बरणी हे सगळं बाजूला ठेव आणि डॉक्टरांना दाखव. सरकारी 'टेली मानस'चा 14416 हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि जवळ नसलेला वास यायला लागला, जळकट किंवा कुजकट, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सांग. तो प्रकार निराळा, त्याचा अम्माशी संबंध जोडू नको.

राहता राहिल्या सासूबाई. मुलीच्या दम्याची काळजी त्यांना आहे आणि ती खरी आहे, म्हणून त्यांच्याशी वाद न घालता आधी चादर झटकल्याचं आणि काचेची बरणी आणल्याचं दाखव. मग एक गोष्ट हळूच विचार. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून देवापुढं धूप आणि दोन अगरबत्त्या लावतात ना? दम्याच्या मुलीला बंद बरणीतल्या जर्द्यापेक्षा तो धूर जास्त लागतो. अगरबत्तीच्या धुरात बारीक कण असतात, बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइड असतं, ते खोल छातीत जातं. रात्री डासांची कॉइल लावत असाल तर तीही त्याच रांगेत. तुझं वाफेचं यंत्रही मुलीच्या श्वासाला बरं नाही, ते बंद कर म्हणजे सासूबाईंना वाटणार नाही की नियम एकट्या त्यांनाच. देवाला फुलं वाहावीत, तुपाचा दिवा लावावा, अगरबत्ती सणाला एक, तीही खिडकी उघडी ठेवून. हे तू सांगू नकोस. मुलीला पुढच्या वेळी तपासायला नेशील तेव्हा सासूबाईंना सोबत ने आणि धूप, कॉइल, यंत्र तिन्हींचा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांनाच विचार. सुनेनं सांगितलेलं पटायला वर्ष लागतं, डॉक्टरांनी सांगितलेलं रिक्षात बसेपर्यंत पटतं.

तुझी,
अक्का